फाटलेल्या सुराचा इतिहास : वरळी कोळीवाड्यातला बेंजो

संगीताविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात राग, ताल, बंदिश, चाल, शब्द, घराणे यांची चर्चा विपुल असते. नादगुणाची मात्र फार थोडी. एकच स्वर सनईतून, सारंगीतून आणि पेटीतून निघाला तर तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो, हे आपण सारेच जाणतो. परंतु या वेगळेपणालाही इतिहास असतो, त्यामागे माणसांच्या गरजा, जागांचे आकार आणि खिशातले पैसे असतात, याचा विचार सहसा होत नाही. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या अभ्यासकांनी तो कसून केला आहे. हार्ड रॉकच्या एखाद्या नामवंत वादकाचा 'टोन' कोणत्या गिटारमुळे, कोणत्या ॲम्प्लिफायरमुळे, कोणत्या खोलीमुळे घडला यावर तिकडे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्याच कुळातला एक नाद आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे वाजत आला आहे, आणि आपण त्याला फार तर 'कलकलाट' एवढेच नाव दिले आहे.

या नादाकडे आमचे लक्ष प्रथम वेधले गेले ते वरळी कोळीवाड्यात, नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी. गोलफादेवीच्या देवळाकडून किल्ल्याच्या दिशेने जाताना गल्ल्या इतक्या अरुंद होतात की समोरून येणाऱ्या माणसाला वाट देण्यासाठी भिंतीला पाठ लावावी लागते. मिरवणूक अजून दिसत नव्हती. ताशाचा कडकडाट तेवढा ऐकू येत होता. इतक्यात त्या कडकडाटाला चिरत एक तार वर आली. दाट, खरखरीत, टोकाला किंचित फाटलेली, आणि तरीही सुरात. आम्हांला वाटले, कुणीतरी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आहे. सत्तरीच्या सुमाराच्या लंडनमधल्या एखाद्या ध्वनिमुद्रिकेतला तो आवाज इथे कसा, असे क्षणभर नवल वाटले. वळणावरून पथक पुढे आले तेव्हा पाहिले, तर गिटार नव्हतीच. गळ्यात पट्टा अडकवून एक तरुण लाकडी पेटीसारखे वाद्य वाजवत होता. डाव्या हाताखाली टंकलेखन यंत्रासारखी बटणे, उजव्या हातात नखी, पेटीतून निघालेली वायर मागच्या हातगाडीवरच्या ॲम्प्लिफायरला आणि त्यावर बांधलेले दोन भोंगे. हाच तो बेंजो. दोन नादांमधले हे साम्य योगायोगाचे की त्याला काही कारण आहे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून राहिला.

उत्तर शोधायचे तर आधी गिटारच्या त्या प्रसिद्ध नादाकडे वळले पाहिजे. तो जन्मला सौंदर्याच्या शोधातून नव्हे, तर ऐकू न येण्याच्या तक्रारीतून. अमेरिकेत १९२०-३०च्या दशकांत वाद्यवृंद मोठे होत गेले आणि ब्रासच्या वाद्यांपुढे गिटारचा आवाज बुडू लागला. १९३२ साली रिकनबॅकर कंपनीची 'तळणीच्या आकाराची' हवाईयन गिटार बाजारात आली. तारेची थरथर लोहचुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्याने विजेच्या लहरीत बदलण्याची युक्ती तिच्यात होती. तार आता खोलीवर अवलंबून राहिली नाही. पुढे तीस वर्षांनी, १९६२च्या सुमारास, लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या दुकानदाराने स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवला. हा गृहस्थ मुळात ड्रमवादक आणि ड्रमचा शिक्षक. त्याच्या दुकानात येणाऱ्या गिटारवाल्या पोरांना ड्रमच्या वर ऐकू येईल असे यंत्र हवे होते, आणि अमेरिकन फेंडर कंपनीचे यंत्र महाग पडत होते. मार्शलने त्याच फेंडरच्या एका नमुन्याची नक्कल केली. पण व्हॉल्व्ह आणि स्पीकर मिळतील ते, इंग्लंडमधले वापरले. नक्कल हुबेहूब उतरली नाही. ती लवकर आणि अधिक रांगडेपणाने फाटत असे. हार्ड रॉकचा नाद म्हणून जो पुढे जगभर ओळखला गेला, त्याच्या मुळाशी ही न साधलेली नक्कल आहे.

आवाज फाटणे म्हणजे तरी काय? यंत्राच्या ताकदीपलीकडची लहर त्यात सोडली की तिची शिखरे छाटली जातात. गोलाकार लाट चौकोनी होऊ लागते. या छाटणीतून मूळ स्वराच्या वर नवे उपस्वर निर्माण होतात, आणि जोराचा व हलका आघात यांतले अंतर कमी होऊन स्वर लांबतो. अभियंत्यांच्या लेखी हा दोष आहे. वादकांना मात्र त्यात गंमत सापडली. १९५८ साली लिंक रे याने स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसने तोच पडदा दाढीच्या पात्याने चिरला. दोघांनाही अधिक चांगला नव्हे, तर अधिक बिघडलेला आवाज हवा होता. १९६५मध्ये पीट टाउनशेंडच्या मागणीवरून मार्शलने शंभर वॅटचे यंत्र बनवले, आणि या बिघाडाला सभागृहभर पसरण्याची ताकद मिळाली.

या परंपरेतला सर्वांत विचारी वादक म्हणजे लेड झेपलिनचा जिमी पेज. १९६९च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतला त्याचा अजस्र वाटणारा नाद जेफ बेकने भेट दिलेली एक टेलिकास्टर गिटार आणि सुप्रो कंपनीचा एक लहानसा ॲम्प्लिफायर यांतून निघाला होता. त्यातले रहस्य मायक्रोफोनच्या जागेत होते. यंत्राला चिकटून एक मायक्रोफोन ठेवावा आणि दुसरा दूर, खोलीतल्या हवेत, अशी त्याची रीत होती. भिंतींवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळला की लहान यंत्रही विराट वाटते. टोन ही एकट्या वाद्याची मालमत्ता नसते. वाद्य, यंत्र आणि जागा यांची ती भागीदारी असते, हे पेजने ओळखले होते. ही गोष्ट आपल्याला पुढे कोळीवाड्याच्या गल्लीत उपयोगी पडणार आहे.

हाच पेज १९७२ साली गायक रॉबर्ट प्लांटसह मुंबईत आला होता. इथल्या वादकांचा मेळ जमवून त्याने आपल्या दोन गीतांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे प्रकाशित झाले थेट २०१५ साली. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये हे दोघे तिथल्याच वाद्यांवर, स्थानिक वादकांसोबत वाजवूनही गेले. मुंबईच्या रॉकप्रेमींमध्ये ही कथा आजही कौतुकाने सांगितली जाते. आम्हांला तीत वेगळेच काही जाणवते. पेजला भारत हवा होता तो तबला आणि व्हायोलिन यांच्या रूपाने. म्हणजे आपल्या नादाहून जे भिन्न, ते त्याला भारतीय वाटले. त्याच्या नादाशी ज्याचे खरे नाते जुळले ते वाद्य मात्र स्टुडिओत नव्हे, रस्त्यावर घडले.

त्या वाद्याची कुळकथाही परदेशातच सुरू होते. १९१२ साली जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता याने काही तारा आणि टंकलेखन यंत्रासारखी बटणे यांचा मेळ घालून एक वाद्य तयार केले. ताइशो सम्राटाची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती, म्हणून त्याचे नाव ताइशोगोतो. संगीताचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही घरी बसून चाल वाजवता यावी, हा त्याचा हेतू. हे स्वस्त, आटोपशीर वाद्य समुद्रमार्गे आशियाभर पसरले. हिंदुस्थानात ते 'बुलबुल तरंग' झाले आणि बोलीत 'बेंजो'. कातडे मढवलेल्या अमेरिकन बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. कराची आणि मकरानच्या बलुची वादकांनी याच वाद्याचा आकार वाढवला, त्याला 'बेंजू' म्हटले आणि आपल्या पारंपरिक संगीतात मानाची जागा दिली. मुंबईत त्याचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. इथे ते मैफलीत न जाता मिरवणुकीत गेले.

मिरवणूक म्हटली की समोर ढोल आणि ताशा. कोळ्यांची हळद, नारळी पौर्णिमा, शिमगा, गणपतीचे आगमन-विसर्जन. या साऱ्या प्रसंगी चाल वाजवणाऱ्या वाद्याला चर्मवाद्यांच्या माऱ्यातून वर यावे लागते. ब्रास बँडच्या ट्रंपेटला ते जमते, कारण त्याच्यामागे माणसाची छाती असते. बुलबुल तरंगाची तार खोलीबाहेर ऐकू येत नाही. मार्शलच्या दुकानातल्या पोरांची जी अडचण, तीच इथल्या पोरांची. आणि उपायही तोच निघाला. तारांखाली गिटारसारखा पिकअप बसला, पेटीला आवाज कमी-जास्त करण्याची बटणे आली, वायर आली, आणि सभा-समारंभांसाठी भाड्याने मिळणारा ॲम्प्लिफायर व भोंगा हातगाडीवर चढला. पुढे गिटारवाल्यांची इको आणि डिस्टॉर्शनची पेडलेही या वायरीत येऊन बसली. पण नादाची मूळ घडण त्या भोंग्यातच झाली होती.

भोंगा हे यंत्र घोषणा आणि भाषणे दूरवर पोचावीत म्हणून बनलेले. खर्जातले स्वर तो जवळजवळ गाळून टाकतो, अतितीव्र टोकेही बोथट करतो आणि मधल्या पट्ट्यातले तेवढे पुढे फेकतो. मानवी कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो तो साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान, आणि भोंग्याचा जोर बराचसा तिथेच असतो. आता यात पैशाचे गणित मिळवा. आवाज कानाला दुप्पट वाटावा तर यंत्राची ताकद सुमारे दसपट वाढवावी लागते. ज्याच्यापाशी दसपट ताकदीचे यंत्र नाही त्याने काय करावे? आहे तेच यंत्र शेवटच्या टोकापर्यंत उघडावे. लहर छाटली जाते, उपस्वर वाढतात, ते नेमके कानाच्या तीक्ष्ण पट्ट्यात जाऊन बसतात, आणि तेवढ्याच विजेवर तार ताशाच्या वर येते. मार्शलच्या व्हॉल्व्हपेक्षा ट्रान्झिस्टरचे यंत्र अधिक कठोरपणे फाटते हे खरे. पण त्याची टोके भोंगा घासून देतो. दोन टोकांचे दोष एकमेकांना सावरतात आणि मधे एक नवा नादगुण उभा राहतो. तो कुणी योजलेला नव्हता. तो ऐकू आला, आवडला, आणि मग जपला गेला.

उरली जागा. वरळी कोळीवाड्याची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंती, वर झुकलेली छपरे, पुढे वळण. पेजने खोलीतल्या हवेकडून जे काम करून घेतले ते इथे गल्ली आपोआप करते. भोंग्याचा आवाज भिंतींवरून परतून स्वतःत मिसळतो, दाट होतो. वळणापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पथक दिसण्याआधी हा मिश्र नाद गाठतो. तेच पथक मोकळ्या मैदानात आम्ही ऐकले आहे. वादक तेच, यंत्र तेच, पण नाद निम्म्याने पातळ. म्हणून आम्ही म्हणतो की बेंजोचा टोन काही अंशी कोळीवाड्याच्या बांधणीचाच टोन आहे.

या वाद्यावर संगीतज्ञांचा आक्षेप ठरलेला आहे : यात मींड नाही. बटण दाबले की एक स्वर, सोडले की दुसरा. दोहोंमधल्या श्रुतींना वाट नाही. हा आक्षेप खोटा नाही, पण नवाही नाही. हाच आरोप ठेवून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले आणि ते तीसेक वर्षे उघडले नाही. त्या काळातही महाराष्ट्रात पेटीवाचून ना नाटक झाले ना कीर्तन. हार्ड रॉकचा गिटारवादक तार बोटाने ओढून मींडेच्या जवळ जातो, आणि फाटलेल्या आवाजामुळे स्वर लांबतो म्हणून ती ओढ शेवटपर्यंत ऐकू येते. बेंजोवाल्याला ही सोय नाही. तो दुसरा मार्ग धरतो. नखी इतक्या वेगाने फिरवतो की सुटे आघात एकजीव व्हावेत, आणि एकाच स्वरात लावलेल्या जोडतारांतला सूक्ष्म फरक मुद्दामच राहू देतो, की स्वर स्थिर असूनही हलता वाटावा. कोळीगीताच्या चालीत दोन स्वरांमधला जो झोका गळा घेतो, तो इथे नादाच्या खरखरीतून सुचवला जातो. ही तडजोड आहे हे मान्य. परंतु तडजोडीतूनच शैली जन्मते, हे पेटीनेही दाखवलेले आहे.

खरखर हा आपल्या कानाला परका गुण आहे काय, याचाही विचार केला पाहिजे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जी 'जवारी' लावली जाते, ती तारेला पृष्ठभागाशी हलकेच घासायला लावण्याचीच युक्ती होय. या घासण्यातून उपस्वरांचा जो पिसारा फुलतो त्याने सी. व्ही. रामन यांना कुतूहल वाटले आणि त्यांनी १९२१च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांच्या या विशेषावर निबंध लिहिला. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या कौशल्याचा मोठा भाग या जवारीत आहे. शुद्ध, गुळगुळीत, निव्वळ मूळ स्वराचा आवाज आपल्या परंपरेने कधी आदर्श मानलाच नाही. जवारीदार गळा ही आपल्याकडे स्तुती आहे. तंबोऱ्याची जवारी आणि भोंग्याची फाट यांना आम्ही एक म्हणत नाही. एक शांत खोलीसाठी आहे, दुसरी गर्दीसाठी. पण दोन्हींत मूळ स्वराला उपस्वरांनी भरून काढण्याची ओढ सारखीच आहे. कोळीवाड्यातल्या पोराला हा नाद गोड लागला तो परदेशी ध्वनिमुद्रिका ऐकून लागला असे मानण्याचे म्हणूनच काही कारण दिसत नाही.

मग या नादाची दखल का घेतली गेली नाही? डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या निरनिराळ्या कोटी मांडल्या आणि कलासंगीताबरोबरच लोकसंगीत व जनसंगीत यांनाही गंभीर अभ्यासाचा विषय बनवले. बेंजो या कोटींच्या सीमेवर उभा आहे. वाद्य जपानी कल्पनेचे, वीज कारखान्यातली, चाल कधी कोळीगीताची तर कधी सिनेमाची. लोकसंगीत म्हणावे तर पुरेसे जुने नाही, जनसंगीत म्हणावे तर ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात फारसे नाही. शिवाय ते वाजवणारे कोळीवाड्यांतले, लालबाग-परळच्या चाळींतले तरुण. दिवसा नोकरी-धंदा आणि हंगामात पथक. ज्यांच्या घरी ध्वनिमुद्रिकांचा संग्रह असतो त्यांच्या घरात हे वाद्य नसते. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कथेतही हा नाद शोधत न्यूयॉर्कहून एक तरुणी मुंबईत येते. आपल्या दारातल्या वाद्याकडे आपले लक्ष जावे म्हणून पडद्यावर परदेशी पाहुणी आणावी लागली, हे पुरेसे बोलके आहे.

या साऱ्याला आज निकड आली आहे. मिरवणुकांतून बेंजोची जागा गेली काही वर्षे डीजेच्या भिंती घेत आहेत. तिथे वादक नाही. ध्वनिमुद्रित गाणे आणि पोटात हादरा देणारा खर्ज. दुसरीकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. हे नियम अनाठायी आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्याच अरुंद गल्लीत आजारी माणूस असतो, तान्हे मूल असते, परीक्षेला बसलेली मुलगी असते; आणि ज्या भिंती नाद दाट करतात त्याच त्यांच्या खिडकीवर तो आदळवतात. आमचे म्हणणे एवढेच की डेसिबल मोजणारे यंत्र नादगुण मोजत नाही. त्याच्या लेखी हातांनी वाजवलेला बेंजो आणि डीजेची भिंत हे निव्वळ दोन आकडे आहेत. आकडा कमी करणे आवश्यकच असेल तर करावा. पण कमी करताना काय पुसले जाते ते तरी आपल्याला ठाऊक असावे. फाटलेला नाद मोठाच असला पाहिजे असेही नाही. पेजने लहान यंत्रातूनच तो काढला होता. लहान भोंगा आणि कमी ताकदीचे यंत्र टोकापर्यंत उघडले तर नादगुण राहतो आणि शेजाऱ्याची झोपही पुष्कळशी राहते. हा मार्ग पथकांनी आणि उत्सव मंडळांनी मनावर घेण्याजोगा आहे.

जागेचा प्रश्न याहून कठीण आहे. वरळीच्या किनाऱ्यासमोर सागरी सेतू २००९ साली खुला झाला. पुढे सागरी किनारा मार्ग आला. त्याच्या खांबांमधून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून इथल्या मच्छीमारांनी दीर्घ लढा दिला, तेव्हा २०२२च्या अखेरीस साठ मीटरचे अंतर एकशे वीस मीटर करण्याचे मान्य झाले. समुद्राकडची वाट अशी भांडून मिळवावी लागते. गल्ल्यांसाठी कोण भांडणार? कोळीवाड्याच्या जागी उद्या रुंद रस्ते आणि उंच इमारती आल्या, तर बेंजो कदाचित राहील, पण आम्ही त्या संध्याकाळी वळणाअलीकडे उभे राहून ऐकला तो नाद राहणार नाही. तो नाद त्या भिंतींचाही होता.

मार्शलचे सुरुवातीचे ॲम्प्लिफायर आज संग्राहक शोधून शोधून जपतात. कोणत्या वर्षी कोणता व्हॉल्व्ह बसवला जाई याच्या नोंदी आहेत. बेंजोच्या पेटीत पहिला पिकअप बसवणारे हात, भोंग्यांच्या जोडण्या करणारे दुकानदार, ऐकून ऐकून चाली बसवणारे वादक यांच्या आठवणी मात्र अजून माणसांपाशीच आहेत. त्या लिहून घेण्यास संगीतशास्त्राची पदवी लागत नाही. एखाद्या हळदीच्या रात्री पथक चहाला थांबले की वादकाच्या शेजारी बसावे आणि विचारावे, हा आवाज असा कसा लावता? आम्ही विचारले तेव्हा त्या तरुणाने यंत्राचे बटण किंचित मागे फिरवले. तार स्वच्छ, गुळगुळीत झाली. "असा बरा नाय वाटत," तो म्हणाला, आणि त्याने बटण पुन्हा पुढे फिरवले.